आधी पाऊल, मग हात, शेवटी मेंदू



‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असते. ते जितके प्रसिद्ध आहे तितकेच सदोष आहे. झाडावर दिसणारे आजचे माकड हे माणसाचे आजोबा नव्हे. ते दूरच्या भाऊबंदांपैकी आहे. त्यातल्या त्यात जवळचे चुलत घराणे म्हणजे चिंपांझीचे. माणूस आणि चिंपांझी या दोघांचा समाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होऊन गेला आणि तेथून दोन शाखा वेगळ्या झाल्या. म्हणून ‘मग आजची माकडे माणसे का होत नाहीत?’ असा प्रश्न सभेत कोणी विचारला, तर त्याला उलट इतकेच विचारावे की चुलत्याची मुले आपल्या बापाची मुले का होत नाहीत?

परंतु समाजवादी कार्यकर्त्याच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा प्रश्न यापुढचा आहे. या शाखेचे माणूस होणे कोठून सुरू झाले? आधी मेंदू मोठा झाला आणि त्या बुद्धीने माणसाला उभे केले, की आधी माणूस उभा राहिला आणि मेंदू मागाहून वाढला? प्रश्न वरवर हाडांच्या अभ्यासकांचा वाटतो. वस्तुतः त्याच्या उत्तरावर तब्बल अर्धे शतक समाजातील उच्चनीचतेची छाया पडलेली होती.

चार्ल्स डार्विनने १८७१ साली मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात माणसाचे मूळ आफ्रिकेत असावे असा तर्क मांडला. पुढे १८७६ साली फ्रेडरिक एंगल्सने वानराचा माणूस होण्यात श्रमाचा वाटा किती, या विषयावर एक निबंध लिहावयास घेतला. तो अपुराच राहिला आणि त्याच्या मृत्यूनंतर १८९६ साली प्रसिद्ध झाला. एंगल्सचे प्रतिपादन असे की पहिले निर्णायक पाऊल म्हणजे ताठ चालणे. त्याने हात मोकळा झाला. मोकळ्या हाताने श्रम केला. श्रमातून सहकार्य, सहकार्यातून भाषा आणि या साऱ्यांतून मेंदूची वाढ झाली. विद्वानांना हे का सुचत नाही याचे कारणही त्याने सांगितले. ज्या समाजात बेत आखणारे डोके एकाचे आणि राबणारे हात दुसऱ्याचे असतात, त्या समाजात संस्कृतीचे सारे श्रेय डोक्याला दिले जाते. हात विसरले जातात.

याचा पडताळा पुढील काळात विलक्षण रीतीने आला. १९१२ साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात पिल्टडाउन येथे एक ‘आदिमानव’ सापडल्याचे जाहीर झाले. कवटी माणसाची, मोठ्या मेंदूची. जबडा मात्र वानराचा. ‘मेंदू आधी’ या समजुतीला हवा होता नेमका तसाच हा पुरावा होता, आणि तो सापडलाही साम्राज्याच्या स्वतःच्या अंगणात! मान्यवर पंडितांनी त्याचे स्वागत केले. १९५३ साली तो सारा बनाव असल्याचे सिद्ध झाले. कवटी आधुनिक माणसाची होती, जबडा ओरांगउटानचा होता, दात कानशीने घासलेले होते आणि हाडे जुनी दिसावीत म्हणून रंगविलेली होती. ४० वर्षे हा खोटेपणा टिकला, कारण तो पाहणाऱ्यांच्या मनातील गृहीताशी तंतोतंत जुळत होता.

याच ४० वर्षांत खरा पुरावा दाराशी उभा होता. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथे चुनखडीच्या खाणीतून एका बालकाची अश्मीभूत कवटी बाहेर आली. जोहान्सबर्ग येथील शरीरशास्त्राचा अध्यापक रेमंड डार्ट याने ती दगडातून सोडवून पाहिली. मेंदू वानराएवढा लहान होता. परंतु कवटीच्या तळाशी मज्जारज्जू जेथून आत शिरतो ते छिद्र मागच्या बाजूस नसून पुढे सरकलेले होते. याचा अर्थ हे डोके सरळ कण्यावर तोलले जात होते. मेंदू लहान, पण चाल ताठ! डार्टने १९२५ साली हे प्रसिद्ध केले तेव्हा लंडनच्या अधिकारी पंडितांनी ते वानराचे पिल्लू म्हणून बाजूला सारले. त्यांतील एक अग्रणी सर आर्थर कीथ याने १९४७ साली, म्हणजे २० वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, डार्टचे बरोबर होते अशी कबुली दिली.

त्यानंतरच्या संशोधनाने शंकेला जागा ठेवली नाही. १९७४ साली इथिओपियातील हदार येथे ‘लूसी’ या नावाने जगाला ठाऊक झालेला सांगाडा सापडला. तो ३२ लाख वर्षांपूर्वीचा असून त्याचा सुमारे ४० टक्के भाग मिळाला. उंची जेमतेम साडेतीन फूट, मेंदू चिंपांझीच्या मानाचा. परंतु कमरेचे आणि गुडघ्याचे हाड दोन पायांवर चालणाऱ्याचे. टांझानियातील लेटोली येथे मेरी लीकी यांच्या पथकाला १९७८ साली याहून बोलका पुरावा मिळाला. ३६ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडली, पावसाने ती भिजली, तिच्यावरून काही जीव चालत गेले आणि ती राख दगड झाली. टाच, तळव्याची कमान, पुढे वळलेला अंगठा, सारे त्या ठशांत उमटलेले आहे. दगड फोडून धार काढलेली सर्वांत जुनी ज्ञात हत्यारे केनियातील लोमेक्वी येथील असून ती सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची मानली जातात. मेंदूची मोठी वाढ मात्र यानंतर, मुख्यतः गेल्या २० लाख वर्षांतील आहे. लूसीच्या कुळातील मेंदू ४०० ते ५०० घनसेंटिमीटरचा होता; आजच्या माणसाचा सरासरी १३५० च्या आसपास आहे. क्रम असा ठरला: आधी पाऊल, मग हात, शेवटी मेंदू.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एंगल्सचा क्रम बरोबर ठरला म्हणून त्याचा शब्द वेदवाक्य ठरत नाही. हाताने कमावलेले कौशल्य पुढच्या पिढीत रक्तातून उतरते असे तो मानत असे. अनुवंशशास्त्राने ते अमान्य केले आहे. लोहाराचा मुलगा भक्कम दंड घेऊन जन्मत नाही. पिढीगणिक शरीरांत आपोआप जे फरक पडतात त्यांतून परिस्थितीला अनुरूप असलेल्यांची संतती अधिक टिकते, एवढीच नैसर्गिक निवडीची कार्यपद्धती आहे. शिवाय इथिओपियातील ४४ लाख वर्षांपूर्वीच्या अवशेषांवरून असे दिसते की ताठ चालण्याचा प्रारंभ झाडीच्या प्रदेशात, ज्ञात हत्यारांच्या फार पूर्वी झाला. पाय श्रमासाठी उभे राहिले नाहीत. उभ्या राहिलेल्या पायांनी श्रमाला वाट करून दिली. जो पक्ष पोथी नाकारतो त्याने आपल्याही पूर्वसूरींची पोथी करता कामा नये.

माणूस केवळ हत्यारांवर तगला नाही, हेही हाडेच सांगतात. इराकमधील शानिदार गुहेत १९५७ साली एका निअँडरथल पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचा उजवा हात निकामी झालेला, डाव्या डोळ्याजवळ जबर आघात झालेला. तरीही या जखमा भरून येऊन तो पुढे अनेक वर्षे जगलेला होता. एकट्याने शिकार करून असा मनुष्य जगता ना. ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचा नियम असल्याचे सांगणाऱ्यांनी या सांगाड्याचा हिशेब द्यावयास हवा.

शरीर मोजण्याचे हे शास्त्र नेहमीच माणसाच्या बाजूने उभे राहिले असे मात्र नाही. हिंदुस्थानात हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी आणि उंची मोजून जातींची प्रतवारी लावली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत त्याने मांडला आणि १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त म्हणून जातींच्या सामाजिक उतरंडीला सरकारी शिक्का दिला. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात ही मापे तपासली, तेव्हा उत्तरेतील एका भागाबाहेर हा सिद्धांत टिकत नसल्याचे आढळले. त्याच मापांचा आधार घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांवरील ग्रंथात दाखवून दिले की नाकांवरून निवाडा करावयाचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. ते समाजाच्या व्यवहारात शोधले पाहिजे.

याच संदर्भात महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी एक घटना आहे. इरावती कर्वे डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशांच्या उच्चनीचतेवर त्यांचा विश्वास होता. पुढे १९३३ साली नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे, गोऱ्या युरोपीयांत ती अधिक असते, असे त्यांचे गृहीत होते. कर्वे यांनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि वंशाचा या असमानतेशी संबंध नाही असा निष्कर्ष लिहून दिला. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्या गुरूच्या मताविरुद्ध! मोजपट्टी तीच होती. रिस्लेने तिच्याकडून आपल्याला हवे ते वदवून घेतले. इरावतीबाईंनी ती जे सांगेल ते ऐकले. पुढे १९६८ साली कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. समान दर्जाचे म्हणविणारे हे गटही एका मुशीतले नसून आपापसांत भिन्न असल्याचे तीत दिसून आले.

अनुवंशशास्त्राने यावर कळस चढविला आहे. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखविले की मानवजातीतील एकूण आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या अंतर्गतच असते. तथाकथित वंशांमधील भेद अत्यल्प असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार भारतातील बहुतेक सर्व समूहांचे रक्त सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात परस्परांत मिसळले आणि त्यानंतर अंतर्विवाहाची कुंपणे घट्ट झाली. शुद्ध रक्ताचा टेंभा मिरविणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तात तो मिसळण्याचा काळ वाहतो आहे. कुंपण प्राचीन आणि नैसर्गिक नाही; ते माणसांनी घातले, म्हणून माणसांना ते काढताही येईल.

तरीही समतेची मागणी कवटीच्या मापावर टांगून ठेवता येणार नाही. उद्या एखाद्या प्रयोगशाळेने दोन समूहांत काही भेद दाखविला म्हणून पाणवठा बंद करण्याचा अधिकार कोणास मिळत नाही. माणसे असमान असली तरीही समता हेच व्यवहाराचे तत्त्व मानले पाहिजे, हे आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात १९३६ सालीच बजावले आहे. विज्ञानाचे काम विषमतेच्या पायाखालची खोटी जमीन काढून घेण्याचे. नवी जमीन घडविण्याचे काम चळवळीचे.

आणि ती खोटी जमीन पुन्हा भरली जात आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चुकीचा आहे, वानराचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असे विधान केले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना त्याचा जाहीर प्रतिवाद करावा लागला. २०२३ साली दहावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आल्याचे उघड झाले आणि १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. दहावीनंतर असंख्य मुले शाळा सोडतात किंवा विज्ञान सोडतात. शेतमजुराच्या मुलीला उत्क्रांती शिकण्याची ती अखेरची संधी असते. वगळलेल्या पानांची किंमत तीच मोजणार आहे.

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर लेटोलीच्या राखेत आहे. त्या राखेवर ना जात उमटली आहे, ना वर्ण, ना धर्म. उमटले आहेत ते उभे राहून बरोबरीने चालत गेलेले पाय. शाखांच्या अभ्यासमंडळांतून, रात्रशाळांतून, वस्तीतील वाचनालयांतून ही पावले मुलांना दाखविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. पुस्तकातून ते पान काढले गेले असेल, तर ते पान तोंडी शिकवावे लागेल.