संगणकास न ओळखू येणारी उपकरणे



किन्हवलीच्या परिसरातील एखाद्या शाळेत प्रिंटर जोडावा, त्याचा दिवा लागावा, कागदही भरलेला असावा आणि तरीही संगणकाने त्याची दखल घेऊ नये, हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून ते एस.टी.ने शहापुरास किंवा कल्याणास नेण्याची घाई होते. भाडे पडते, दिवस मोडतो, आणि मुलांचा तास बुडतो तो निराळाच. वास्तविक पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. उणीव असते ती दुभाष्याची.

संगणकाची मुख्य प्रणाली आणि जोडलेले उपकरण यांची भाषा एक नसते. दोहोंमध्ये निरोपांची ने-आण करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. ती नसली, किंवा निराळ्या प्रणालीसाठी लिहिलेली असली, की उपकरण मुके ठरते. ३२ बिटांच्या विंडोजचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. जुन्या प्रिंटरची सीडी नव्या संगणकावर निरुपयोगी ठरते, ती अनेकदा यामुळेच.

प्रथम तार पाहावी, ती दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. तेथे एखाद्या नावापाशी पिवळ्या खुणेत उद्गारचिन्ह दिसेल. व्याकरणात आश्चर्याचे असलेले हे चिन्ह येथे मात्र तक्रारीचे आहे! त्या नावावर दोनदा टिचकी मारली असता तक्रारीचा क्रमांक कळतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही. ४३ म्हणजे उपकरणाने बिघाड कळविला म्हणून विंडोजने ते थांबविले. ते दुसऱ्या संगणकावर जोडून पाहावे, आणि तेथेही तेच घडले तरच दुरुस्तीची वाट धरावी.

उपकरणाचे नावच दिसत नसेल तर ‘डिटेल्स’मधील ‘हार्डवेअर आयडीज’ वाचावे. यूएसबी उपकरणात ‘व्हीआयडी’पुढील चार अक्षरे कूळ, म्हणजे निर्माता, सांगतात, ‘पीआयडी’पुढील चार अक्षरे त्या कुळातील व्यक्ती. एवढ्यावरून नेमका ड्रायव्हर शोधता येतो. तो निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. सर्व ड्रायव्हर फुकट सुधारून देऊ म्हणणाऱ्या आज्ञावल्या शाळेच्या संगणकावर मुळीच घालू नयेत. त्यांच्याबरोबर नको ते पाहुणे घरात शिरतात.

नेटवर्कचाच ड्रायव्हर नाहीसा झाला, तर अँड्रॉइड मोबाईल तारेने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. मोबाईलला रेंज असेल तर काम बहुधा भागते. मिळालेला ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जपून ठेवावा आणि उपकरणाचा आयडी जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याच्या नोंदीपुढे लिहावा, म्हणजे बदलीने येणाऱ्या शिक्षकास तेथून आरंभ करता येईल.