परगावाहून आलेल्या कुटुंबाचा जमाखर्च

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मला आज घरखर्चाच्या हिशेबावर बोलावयास सांगितले आहे. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु घराचा हिशेब बिघडला की त्याची पहिली झळ शाळेला लागते, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. भाडे थकले तर घरमालक दारात उभा राहतो, बिल थकले तर वीज तुटते. मुलाची फी थकली किंवा पुस्तक घेतले नाही, तर त्या दिवशी काही बिघडत नाही. म्हणून काटछाट तेथूनच सुरू होते, आणि पुष्कळदा ती मुलीच्या शिक्षणापासून होते.

मूळच्या आगरी, कोळी बांधवांची गावे सोडली, तर आपले मीरा-भाईंदर बाहेरून आलेल्यांनीच वाढवले आहे. 1985 साली येथे नगरपालिका झाली आणि 2002 साली महानगरपालिका. 2001 च्या जनगणनेत सुमारे 5 लाख 20 हजार असलेली लोकसंख्या 2011 मध्ये 8 लाख 9 हजारांवर गेली. कोणी रत्नागिरी-रायगडहून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तर प्रदेशातून. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबांनी मीरा रोडला बिऱ्हाड हलवले. आजही नवी कुटुंबे येतच आहेत.

नव्याने आलेल्याचा हिशेब चुकतो, तो उधळपट्टीमुळे नव्हे. गावी घर स्वतःचे असते, पाणी विहिरीचे, तांदूळ बहुधा शेतातला. या गोष्टींची किंमत गावी कधी मोजावीच लागत नाही. त्यामुळे येथला पगार ऐकताना मोठा वाटतो. येथे मात्र प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात, आणि तेही ठरलेल्या तारखेला. गावचा खर्च हंगामाप्रमाणे चालतो, शहराचा तारखेप्रमाणे. हा फरक ध्यानात आला की अर्धे काम झाले.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपापल्या घराप्रमाणे ते बदलावेत. समजा, महिना 30,000 रुपये येतात. भाडे 11,000, किराणा-दूध-गॅस 8,500, वीज-पाणी-फोन 2,000, जाणे-येणे 1,500, गावी आई-वडिलांना 2,500, औषधपाणी 1,000. ही बेरीज 26,500 झाली. उरले 3,500. बहुतेक घरांत ही रक्कम नकळत खर्च होते आणि जून महिन्यात हात पसरावा लागतो.

आता जूनचा हिशेब करा. फी, गणवेश, वह्या-पुस्तके मिळून वर्षाला 18,000 लागत असतील, तर तो खर्च जूनचा नसून महिना 1,500 चा आहे. वरखर्चासाठी आणखी 500 धरा. म्हणजे शिक्षणाचे 2,000 पगाराच्या दिवशीच बाजूला पडले पाहिजेत. राहिलेले 1,500 भाडेकरार संपेल त्या दिवसासाठी ठेवा. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. घर बदलावे लागले तर दलाली, टेम्पो आणि वाढलेली अनामत एकदम अंगावर येते.

अनामत म्हणजे आपली अडकलेली पुंजी होय. गावचा दागिना मोडून ती भरलेली असते. म्हणून ती रक्कम करारात लिहून घ्या आणि करार नोंदवून घ्या. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तोंडी व्यवहारात चार पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण वाद झाला तर हातात कागद नसतो.

जेथे हक्काने पैसे वाचतात तेथे संकोच करू नये. अन्न सुरक्षा योजनेतील रेशनकार्ड गावचे असले तरी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेप्रमाणे येथल्या दुकानातून धान्य घेता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, आणि 2023 पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे 25 किलो होते. मात्र आधार जोडलेले असावे लागते.

तसेच, गावच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून मूल घरी बसवू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. महापालिकेच्या शाळेत फी नाही. तेथे मूल घालण्यात कमीपणा मानून कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हे. रेल्वेच्या पासावर विद्यार्थ्यांना सवलत असते, आणि नोकरदारांनाही तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो.

आपल्या भगिनी भिशी चालवतात, हे चांगले आहे. तीत व्याज नसते आणि बचतीची शिस्त लागते. परंतु भिशीचा आधार केवळ विश्वास आहे. ओळखीच्या मोजक्या घरांतच ती असावी, आणि मुलांच्या फीचे पैसे तीत नसावेत.

शेवटची विनंती. एक साधी वही घ्या आणि रोजचा खर्च सातवी-आठवीतल्या मुलाकडून किंवा मुलीकडून लिहून घ्या. मुलांचे गणित सुधारेल, आणि वडिलांचा पैसा कोठे जातो हे त्यांना न रागावता कळेल. त्या वहीत भाड्याखालची दुसरी ओळ शिक्षणाची असू द्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरे. पण अंथरूण अपुरे पडले तर सर्वांनीच थोडे अंग आखडावे, एकट्या मुलीने नव्हे.