मोटारीची स्प्रिंग अकाली का बसते?

चेन्नईच्या दक्षिण भागात पेरुंगुडी ही वस्ती आहे. पूर्वेस थोड्याच अंतरावर बंगालचा उपसागर, तर दुसऱ्या अंगास पळ्ळिकरणैची विस्तीर्ण दलदल. खारा वारा बारमाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. २०१५ च्या डिसेंबरात, आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी, दक्षिण चेन्नईचे सखल भाग जलमय झाले व कित्येक मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी एखादी मोटार थोड्याच वर्षांत एका अंगास कललेली दिसली, तर 'स्प्रिंग बसली' असे मेस्त्री सांगतो, आणि मालक पोलादाला दोष देऊन मोकळा होतो. हा दोष खरोखर पोलादाचाच असतो काय?

रॉबर्ट हूक याने १६७८ साली स्थितिस्थापकतेचा नियम प्रसिद्ध केला. भाराच्या प्रमाणात स्प्रिंग दबते आणि भार काढताच पूर्ववत होते. परंतु या नियमाला मर्यादा आहे. ती ओलांडली की थोडे विरूपण कायमचे राहते. म्हणूनच कारखान्यात स्प्रिंग विक्रीपूर्वीच पूर्ण दाबून काढतात. जे बसायचे ते तेथेच बसून जावे, हा हेतू. तिच्या पृष्ठभागावर पोलादी छऱ्यांचा माराही करतात, जेणेकरून भेगांना सहजी वाव मिळू नये. तार बारीक निघाली किंवा पाणी देण्यात कसूर झाली, तर दोष कारखान्याचा, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु पुष्कळदा अपराधी दुसरेच असतात. पहिला म्हणजे अतिभार. मागे सामान खच्चून भरायचे आणि गतिरोधकावरून वा खड्ड्यातून वेगाने जायचे, म्हणजे स्प्रिंगला वारंवार मर्यादेपलीकडे ढकलणे होय. दुसरा अपराधी गंज. तारेतील ताण तिच्या व्यासाच्या घनाशी व्यस्त प्रमाणात असतो. १२ मिलिमीटरची तार गंजून साडेअकरा मिलिमीटर झाली, तर त्याच भाराने ताण सुमारे साडेतेरा टक्के वाढतो. खडे उडून रंग निघाला, की खाऱ्या ओलीने तेथे खळगे पडतात व खळग्यांतून भेगा फुटतात. सर्वांत खालचा वेढा चिखलात रुतलेला असतो. तो तुटला तरी मोटार नुसती बसल्यासारखीच दिसते.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. गाडी बसली की चाकांचा कल बदलतो, टायर एका कडेने झिजतात, दिव्यांचा झोत भलतीकडे जातो. तुटलेले टोक तर टायरही फाडू शकते. वेढ्यांमध्ये रबरी ठोकळे बसवल्याने उंची वाढते, रोग मात्र झाकला जातो. शॉक ॲब्सॉर्बर बदलूनही भागत नाही, कारण तो हेलकावे शमवतो. मोटारीचा भार स्प्रिंगच वाहते.

उपाय साधे आहेत. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यास तिचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. स्प्रिंग बदलावी लागलीच, तर एकाच आसावरील दोन्ही बदलाव्यात. पोलाद सहनशील आहे. मात्र त्याच्या सहनशीलतेचा हिशेब माणसानेच ठेवला पाहिजे.