धाराशिवच्या बायांचं देणं



पदवीदानाच्या भाषणात पाहुण्यानं थोरामोठ्यांची नावं घ्यायची पद्धत आहे. मी ज्यांच्याविषयी बोलायला आलोय त्यांची नावं मला माहीत नाहीत. आकडा तेवढा माहीत आहे : १,३१,७४६. तीस ते एकोणसाठ वयाच्या एवढ्या बाया, सगळ्या खेड्यांतल्या, धाराशिव जिल्ह्यातल्या. तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणायचे. देगलूरहून निघालात आणि लातूर ओलांडलं की हा जिल्हा लागतो. शेतात राबणाऱ्या, चुलीपुढं बसणाऱ्या या बायांवर झालेला अभ्यास एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत कसा शोधायचा, ही चर्चा जगात कुठंही निघाली की आजही त्याचा दाखला देतात. आपल्या एसटी स्टँडवर विचारून बघा, कुणी ऐकलेलं नसेल.

गोष्ट बार्शीपासून सुरू होते. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या मदतीनं कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांची ही नोंदवही म्हणजे भारतातली ग्रामीण भागातली पहिली. शहरात अशी नोंद ठेवणं सोपं असतं. दवाखान्याचे कागद चाळले की काम भागतं. खेड्यात कागदच नसतो, कारण माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून नोंद ठेवणारेच गावोगाव फिरायला लागले. लोकांना बसवून लक्षणं समजावून सांगायची, कुणाला गाठ आहे का, कुणाला पाळी गेल्यावरही रक्त जातंय का, हे विचारायचं, आणि संशय आला तर बार्शीला पाठवायचं. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही वर्षांत एक गोष्ट दिसली : गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायांमध्ये लवकरच्या टप्प्यातल्या बायांचं प्रमाण वाढत चाललं होतं. नवं औषध आलं नव्हतं की नवं यंत्र बसलं नव्हतं. गावात जाऊन बोलणं एवढंच वाढलं होतं. शास्त्राच्या भाषेत हे १९९५ साली छापलं गेलं. मला विचाराल तर आपल्या भागातल्या आरोग्याच्या कामाचा पाया त्या एका निबंधात आहे, आणि तो वाचणारे फार थोडे.

पुढचा प्रश्न मोठा होता. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो, हे हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं. त्याबद्दल २००८ चं नोबेल त्यांना मिळालं. लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत मध्ये दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त जातात. एवढ्या काळात एकदा जरी कुणी डोकावून पाहिलं तर बाई वाचू शकते. पण कसं पाहायचं? पाश्चात्त्य देशांत पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी, वर्षानुवर्षं चालली. आपल्याकडं तेवढ्या प्रयोगशाळा कुठून आणायच्या? सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं ते, लावून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर? की सरळ विषाणूच शोधावा?

१९९९ मध्ये बार्शी, टाटा आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून धाराशिवमध्ये याची परीक्षा मांडली. ल्योंच्या संस्थेचे डॉ. शंकरनारायणन या अभ्यासाचे प्रमुख होते. गावांचे ५२ गट करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. तीन भागांत तीन तपासण्या, प्रत्येक बाईची एकदाच. तपासायला मोठे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेल्या नर्सबाई होत्या.

मुलांनो, हे सांगायला सोपं आहे. असं काम केलेल्या कुणालाही विचारा, खरी लढाई उंबऱ्यावर असते. "मला काय धाड भरलीय?" हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर आतून सासूबाई देतात. तिसरं उत्तर, "मालकांना विचारून सांगते." आणि मालक शेतावर. मग संध्याकाळी पुन्हा जायचं. अंगावरून पांढरं जातंय, कमरेत चमक येते, हे ती तिसऱ्या भेटीत सांगते, तेही सिस्टर एकटी असेल तर. विषाणू पकडणारी चाचणी कितीही नाजूक असली तरी या तिसऱ्या भेटीशिवाय तिला तपासायला काही मिळत नाही.

आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ बायांपैकी ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायांपैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअरचा आणि डोळ्यांनी बघण्याचा त्या अभ्यासात म्हणावा तसा फरक पडला नाही.

त्या चौथ्या भागाविषयी मी मुद्दाम बोलणार आहे. तुलनेसाठी ठेवलेल्या त्या बायांची तपासणी झाली नाही, आणि त्यावर पुढं जाणकारांनी जाहीर आक्षेप घेतले. संशोधकांचं म्हणणं असं, की त्या भागात तपासणीची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळं त्यांचं काही काढून घेतलं गेलं नाही. हे खरं आहे. पण आपल्या खेड्यात काहीच मिळत नाही, ही गोष्ट एखाद्या अभ्यासाची सोय ठरावी, याचं मला आजही समाधान वाटत नाही. आक्षेप घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही, अभ्यास करणाऱ्यांनाही नाही. एवढंच म्हणेन, की त्या ६४ जणींच्या जिवावर जे कळलं ते त्यांच्या लेकींपर्यंत परत यायला हवं.

या विषाणूवरच्या लसीचंही तसंच. २००९ मध्ये देशात काही ठिकाणी मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणं सुरू झालं. त्यातही बार्शी होतीच. २०१० मध्ये वेगळ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारनं सगळंच थांबवलं. कितीतरी मुलींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की एका डोसनंही जवळजवळ तितकंच संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस मान्य केला. गरीब देशांचा लसीचा खर्च त्यामुळं केवढा खाली आला!

आणि आपल्याकडं? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांना विचारलं, ही तपासणी कधी तरी झालीय का? देशभरात हो म्हणणाऱ्या १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. तपासणी नाही तिथं भीतीचा धंदा चालतो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली, "पुढं कॅन्सर होईल" असं ऐकलं, उचल घेऊन ऑपरेशन करून आली. तिशीतच. ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या नांदेड-लातूरकडूनही जातात. स्वस्तातल्या एका तपासणीनं ज्या शंकेचं निरसन झालं असतं, तिच्यापायी अख्खी पिशवी गेली आणि अंगावर कर्ज राहिलं.

तुमच्यातले बहुतेक जण डॉक्टर होणार नाहीत. कुणी शिक्षक होईल, कुणी बँकेत, कुणी मेडिकलच्या दुकानात, कुणी अजून पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देत पुण्यात बसेल. पण देगलूरच्या एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकत तुम्ही वाढलात. कुठल्या घरात कुणाशी कसं बोलायचं हे बाहेरून आलेल्या सिस्टरला शिकायला वर्ष लागतं, तुम्हाला ते जन्मतः येतं. पोस्टरवर 'गर्भाशयग्रीवा कर्करोग पूर्वतपासणी' लिहिलेलं असेल, तुम्ही 'पिशवीच्या तोंडाची तपासणी' म्हणा.

घरात तिशीच्या पुढची आई, काकू, वहिनी असेल. २०१६ च्या सरकारी आराखड्याप्रमाणं तिशीपासून पासष्टीपर्यंतच्या बायांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. जाण्याआधी विचारून घ्या, तपासणारी सिस्टर कोणत्या वारी असते आणि रिपोर्ट कोण, कधी सांगणार. पाळी चालू असताना जाऊ नका. काही निघालं तर लगेच कॅन्सर झाला असं नसतं. पुढची पायरी दुर्बिणीच्या तपासणीची. त्या दिवशी कुणी पिशवी काढायचं म्हणालं तर कागद घ्या, घरी या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आणि "आमच्याकडं ही तपासणी होत नाही" असं उत्तर आलं, तर ते लेखी मागा. अर्ज मराठीत करा, पोच घ्या. पदवीधर झालात, आता एवढा अर्ज तरी स्वतः लिहा.