नाव एक, माणसं अनेक



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आज नावांबद्दल थोडं बोलणार आहे. आपल्या हजेरीपटावर एकाच नावाची दोन-तीन मुलं असायची. बाई वडिलांच्या नावासकट पुकारायच्या आणि प्रश्न मिटायचा. शाळेबाहेर तो इतका सहज मिटत नाही.

२०१४ ची रायगड लोकसभा निवडणूक आठवा. सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून अवघ्या २,११० मतांनी हरले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे नावाचे दुसरे एक अपक्ष उमेदवार होते, त्यांना ९,८४९ मतं मिळाली. त्यातली किती चुकून पडली हे कोणीच सांगू शकत नाही. पण पराभवाच्या फरकापेक्षा ती चौपटीहून जास्त होती. असे घोळ टाळावेत म्हणून २०१५ पासून निवडणूक आयोग मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटोही छापू लागला. नुसतं नाव पुरलं नाही, दुसरी खूण जोडावी लागली.

संगणकाचंही तसंच आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली ‘साउंडेक्स’ पद्धतीचं पेटंट मिळवलं. सारख्या उच्चाराच्या आडनावांना ती एकच कोड देते. दीक्षित हे आडनाव इंग्रजीत ‘एक्स’ घालून लिहा किंवा ‘केएसएच’ घालून, कोड तोच. हा फायदा. पण पाटील आणि पटेल यांचाही कोड एकच येतो! म्हणून ही जुळणी शोध सुरू करायला चांगली. माणूस तोच आहे हे ठरवायला जन्मतारीख, गाव, वडिलांचं नाव पाहावंच लागतं.

आपण मात्र लगेच ठरवून टाकतो. फसवणुकीच्या गुन्ह्यात अटकेची बातमी येते, नाव ओळखीचं असतं, आणि ग्रुपवर ‘हा आपलाच का रे?’ सुरू होतं. दोन फॉरवर्डनंतर त्यातलं प्रश्नचिन्ह गळून पडतं. ज्याचा काडीचा संबंध नाही, त्याच्या मुलीच्या सासरपर्यंत ती गोष्ट पोचते. तेव्हा आधी बातमीतलं वय आणि गाव वाचा. शंका उरली तर त्यालाच फोन करा, ग्रुपला विचारू नका.

आम्हा मुलींचा प्रकार उलटा. माणूस एक, नावं दोन. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं. त्यामुळे कितीतरी मैत्रिणी शोधूनही सापडत नाहीत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं. एक खूण वाढली, हे चांगलंच झालं.

म्हणून एक विनंती. आपल्या बॅचच्या यादीत पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, दहावीचं वर्ष आणि तुकडी, एवढं सगळ्यांनी लिहा. पंचवीस वर्षांनी कोणी शोधायला आलं, तर त्याला आपणच सापडायला हवं.