शाळेच्या वाटेवरचं राजगृह
(स्नेहसंमेलनातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘दहा मिनिटं बोल, शाळेच्या आठवणी सांग.’ आठवणी सगळ्यांकडेच आहेत आणि त्या माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे इथे पुष्कळ बसले आहेत. मी बोलणार आहे ते शाळेच्या वाटेवरच्या एका घराबद्दल. आपल्यापैकी कितीतरी जण दहा वर्षं त्या घरावरून शाळेत आलो-गेलो. हिंदू कॉलनीतलं राजगृह. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर.

त्या दहा वर्षांत मी एकदाही त्या फाटकातून आत गेले नाही. पहिल्यांदा गेले ती गेल्या वर्षी, मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पाच्या निमित्तानं. परत आले आणि वाचायला बसले. त्यातलं थोडं सांगते.

आपण ‘टीटी’ला उतरायचो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मला तिशीत कळलं. आज दादर म्हणजे मुंबईचा मध्य, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा गावाबाहेरचा भाग होता. 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये माणसं पटापट मेली. मग 1898 साली सरकारनं बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टनं दादर-माटुंग्याकडच्या मोकळ्या जमिनीवर रस्ते आखले आणि भूखंड पाडले. आपली हिंदू कॉलनी, पलीकडची पारशी कॉलनी ही त्याच आखणीतली. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, दोन-तीन मजली घरं. मध्यमवर्गासाठी आखलेलं हे उपनगर.

याच ट्रस्टनं कामगारांसाठी चाळीही बांधल्या. बी.आय.टी. चाळ म्हणतो ती हीच. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांचं कुटुंब वीसेक वर्षं राहिलं. जागा दोन खोल्यांची. परदेशातून पदव्या घेऊन आल्यावरही त्यांचा पत्ता तोच होता. परळची ती चाळ आणि दादरचं हे घर यांच्यात अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटरचं आहे. ते पार करायला त्यांना किती वर्षं लागली, ते बघा.

मधल्या काळातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय हे घर कळत नाही. 1917 साली बाबासाहेब परदेशातून परतले आणि बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली होती, त्यामुळे नोकरी करणं भाग होतं. पण बडोद्यात त्यांना राहायला कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीचं सामान, वटवाघळं आणि ते एकटेच. एका कंदिलाच्या उजेडात ते रात्री वाचत बसायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दाराशी आली आणि संध्याकाळच्या आत चालता हो म्हणाली. दोन ओळखीच्या लोकांना त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग ते सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतःच पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी त्यांची पुस्तकं ज्या जहाजातून येत होती, ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं होतं. म्हणजे एकाच वर्षात माणसाची पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली आणि डोक्यावरचं छप्परही गेलं.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी, 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, त्यांनी राजगृह बांधलं. बांधकामात त्यांनी स्वतः जातीनं लक्ष घातलं होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात पहिला प्रश्न असतो: हे कशासाठी हवंय? या घरापुरतं उत्तर स्वच्छ होतं. खाली कुटुंबानं राहायचं आणि वरचा मजला पुस्तकांचा. ग्रंथालय आणि बसून लिहायची जागा. पुढे तिथे पन्नास हजारांच्या आसपास पुस्तकं होती असं सांगतात. नाव दिलं तेही साधं नव्हे. राजगृह ही प्राचीन मगधाची राजधानी, भगवान बुद्धांच्या वास्तव्याची नगरी. धर्मांतर 1956 चं, पण घराच्या दारावर हे नाव त्याच्या वीसहून अधिक वर्षं आधी लागलं होतं.

1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झालं, तेव्हा ते याच घरात राहत होते. लाहोरच्या परिषदेत वाचायचं ते भाषण. आयोजकांना ते झेपलं नाही, परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते स्वखर्चानं छापलं.

आत गेल्यावर मला सगळ्यात जास्त आठवल्या त्या रमाबाई. नवरा परदेशात शिकत असताना त्यांनी संसार ओढला. पाच मुलांपैकी चार गेली, एकटे यशवंत राहिले. हक्काचं घर झालं आणि 27 मे 1935 रोजी त्याच घरात रमाबाईंनी डोळे मिटले. मोठ्या माणसांच्या घरांविषयी बोलताना आपण किती खोल्या आणि किती पुस्तकं ते मोजतो. त्या घरात यायला कोणी किती वाट पाहिली आणि तिथे किती थोडं राहायला मिळालं, ते कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब दिल्लीत गेले. पार्थिव विमानानं मुंबईला आणलं आणि राजगृहात ठेवलं. दुसऱ्या दिवशी इथूनच अंत्ययात्रा निघाली आणि दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आज तिथे चैत्यभूमी आहे.

आता मला जे खरं बोलायचं आहे, ते बोलते.

सहा डिसेंबर आपल्याला कसा आठवतो? माझ्या घरी म्हणायचे, ‘आज दादरला गर्दी आहे, बाहेर पडू नका.’ बस्स. गर्दी कोणाची, कशासाठी, हे मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलं नाही. आपल्या वर्गात नायगावच्या बी.डी.डी. चाळीतून येणारी एक मैत्रीण होती. ती आज इथे बसली आहे. तिला विचारूनच सांगते. सात डिसेंबरला ती दमलेली यायची. एका वर्षी कोणीतरी तिला म्हणालं, ‘काय गं, काल त्या गर्दीत होतीस ना?’ आणि आम्ही हसलो. मीही हसले. ती काही बोलली नाही, वही काढून बसली.

राजगृह पाहून आल्यावर मी तिला फोन केला. पंचवीसहून अधिक वर्षांनी. माफी मागितली. ती म्हणाली, ‘अगं, सोड. पण तुला सांगते, चैत्यभूमीवरून आम्ही राजगृहाला यायचो. वडील फाटकाशी चपला काढायचे आणि वर बोट दाखवायचे. म्हणायचे, तिथे पुस्तकं होती. दर वर्षी शिवाजी पार्कातून एक पुस्तक घ्यायचंच, असा आमच्याकडे नियम होता. आधी कव्हर घालायचं, मग जेवायचं.’

आम्ही जिला गर्दी म्हणत होतो, ती पुस्तकं विकत घेऊन घरी जात होती. आणि आम्ही, त्या ग्रंथालयापासून चार पावलांवर राहणारे, खिडक्या लावून बसलो होतो.

बाई, सर, ही तक्रार नाही. तुम्ही आम्हाला वाचायला शिकवलंत, म्हणून उशिरा का होईना हे वाचता आलं. पण वारसा म्हणजे नुसती जुनी इमारत राखणं नव्हे, असं मला आता वाटतं. 2020 च्या जुलैत या घराच्या आवारात काही जणांनी कुंड्या फोडल्या, नासधूस केली. बातमी वाचून आपल्याला वाईट वाटलं. पण त्या घरावरून दहा वर्षं न बघता जाणं, हेही मला आता तितकं निरुपद्रवी वाटत नाही.

म्हणून दोन सूचना. एक, संमेलनाच्या निधीतून जे उरेल ते शाळेच्या ग्रंथालयाला द्यावं, आणि पहिलं कपाट आपल्या मैत्रिणीनं सांगितलेल्या पुस्तकांनी भरावं. दोन, उद्या रविवार आहे. राजगृहाच्या तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वस्तूंचं संग्रहालय आहे. वर कुटुंब राहतं, तेव्हा आवाज जरा बेतानं. सकाळी शाळेच्या फाटकाशी जमू आणि चालत जाऊ. वाट सगळ्यांना पाठ आहेच.

पुढे ती चालेल, आम्ही मागून येऊ.