लळा आणि शिकवण



रिसोड तालुक्यांतील एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें चौथीचा वर्ग सांभाळला. त्या वर्गांत एक मुलगा होता. दोन ओळी लिहून होतात न होतात तोंच तो उठे, शेजाऱ्याची पेन्सिल उचली, खिडकीशीं जाई. मीं त्याला कित्येकदां व्हरांड्यांत उभें केलें. आंत घेतल्यावर तो पूर्वीपेक्षां अधिकच चाळे करी. मी त्याला द्वाड ठरवून मोकळा झालों.

अशा मुलांचा विचार वैद्यकाला नवा नाहीं. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं, बुद्धि चांगली असूनहि स्वतःला आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन आपल्या व्याख्यानांत केलें होतें. आज याला अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणतात. हा दोष बहुतांशीं जन्मजात, आनुवंशिक असतो; आईच्या लाडानें तो होत नाहीं. चार ते सहा वर्षांच्या मुलांस औषधापूर्वीं आईबापांनाच शिक्षण द्यावें, असें अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. आज्ञा एकच व थोडक्यांत द्यावी, ऐकल्याबरोबर शाबासकी द्यावी, क्षुल्लक खोडीकडे पाहूं नये, मोठी आगळीक झाल्यास कांहीं मिनिटें बाजूस बसवावें, असा तो पाठ असतो.

आमच्या गल्लींतील एका मुलाचे आईबाप पुण्यास कामाला होते; तो येथें आजीजवळ वाढला. तो पांच वर्षांचा झाला तेव्हां तीं दोघें परतलीं. अकोल्यास निदान झालें आणि आई तेथें हें शिक्षण घेऊं लागली. मोठी नेटकी बाई. सर्व वहींत टिपून आणी. पण घरीं फळ उलटें! तिनें शाबासकी दिली कीं मुलगा तोंड फिरवी. कोपऱ्यांत बसविलें कीं दाराला बिलगून आजीच्या नांवानें आक्रोश करी. तेच शब्द आजी सहज बोले आणि तो चटकन् ऐके. एकदां ती मला म्हणाली, “गुरुजी, हें शिक्षण खोटें आहे, कीं मीच वाईट आई आहें?”

दोन्हींपैकीं कांहींच खरें नव्हतें. मेरी एन्सवर्थ या विदुषीनें युगांडांत व पुढें बाल्टिमोर येथें घरोघरीं जाऊन मायलेंकरें पाहिलीं. आईचा भरंवसा असलेलें मूल तिच्यापासून दूर जाऊन खेळतें, भ्यालें कीं तिच्याकडेच धांवतें. ज्याची आई एकदां निघून गेली आहे, त्याला कोपरा म्हणजे पुन्हां टाकून देणेंच वाटत असेल. शाबासकीचेंहि तसेंच, देणाऱ्याचा लळा नसेल तर ती नुसता आवाज.

शीला आयबर्ग यांनीं १९७० नंतरच्या दशकांत बसविलेल्या पद्धतींत क्रमच असा आहे कीं, आधीं खेळ, मग आज्ञा. रोज पांच मिनिटें मुलानें खेळ ठरवावा. आईनें हुकूम देऊं नये, प्रश्न विचारूं नये, दोष काढूं नये. अकोल्याच्या समुपदेशिकेनें हेंच सांगितलें. पहिले कांहीं दिवस मुलगा ठोकळे आजीकडेच नेई; ती शहाणी म्हातारी तेवढ्या वेळापुरती देवळांत जाऊन बसूं लागली. दोन महिन्यांनीं आईची हांक त्याला ऐकूं येऊं लागली. चंचलता आहेच. लळ्यानें ती जात नाहीं, आणि डॉक्टरांनीं औषध सांगितलें तर तें नाकारण्याचेंहि कारण नाहीं.

माझ्या वर्गांतला तो मुलगा चुलत्याकडे राहत असे. त्याचे आईबाप कामासाठीं परगांवीं असत, एवढें मला ठाऊक होतें. ते केव्हां येतात, हें मात्र मीं त्याला कधीं विचारलें नाहीं.